भीड, आग्रह आणि मुलांचा निर्णय

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आपल्याकडील लग्नाची पंगत क्षणभर डोळ्यांपुढें आणा. पोटभर जेवलेला पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरून "आतां नको" असें सांगत आहे, आणि यजमान जिलब्यांचें ताट घेऊन "एवढी एकच, माझ्यासाठीं" म्हणून त्याच्यापुढें उभे आहेत. पाहुणा तीन वेळां नको म्हणतो; चौथ्या वेळीं हात बाजूला घेतो. यजमानांना आनंद होतो, पंगतीला मौज वाटते, आणि पाहुण्याच्या शेजारीं बसलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा हा सारा प्रकार पाहून मनाशीं एक धडा घेतो. तो धडा असा कीं, 'नको' या शब्दाचा अर्थ 'अजून थोडा आग्रह करा' असा असतो; आणि जो शेवटपर्यंत नको म्हणतो तो मनुष्य रूक्ष, शिष्ट आणि माणुसघाणा होय.

आणखी तीन वर्षांनीं हाच मुलगा मित्राच्या इमारतीच्या गच्चीवर उभा असतो. परीक्षा संपल्याची संध्याकाळ असते. चौघांपैकीं एकजण खिशांतून सिगारेटसारखी वळलेली वस्तु काढतो. तिच्यांत नुसती तंबाखू नाहीं, गांजा आहे, हें सर्वांना ठाऊक असतें. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, आणि आपल्या मुलापुढें येते तेव्हां तिच्याबरोबर शब्द येतात: "एकच झुरका, माझ्यासाठीं." शब्द तेच, सूर तोच; जिलबीच्या जागीं तेवढें दुसरें कांहीं आलें आहे.

मला आज बोलावयाचें आहे तें या क्षणाविषयीं. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण मुलांकडून पाठ करवून घेतों. परंतु भीड मोडावी कशी, आणि ती मोडूनहि मैत्री राखावी कशी, हें मात्र आपण त्यांना कधींच शिकवीत नाहीं.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला विद्वत्तेमुळें आला आहे असें कोणी समजूं नये. तो एका चुकीमुळें आला आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असतांना एके रात्रीं जेवतां जेवतां त्यानें मला विचारलें, "बाबा, हुक्का ओढल्यानें खरोखर कांहीं होतें का?" मीं हातांतला घांस ताटांत ठेवला आणि वीस मिनिटें बोललों. घराण्याची अब्रू, आजोबांचे कष्ट, वाया गेलेल्या कुणा दूरच्या नातेवाइकाची कथा, कांहीं म्हणून सोडलें नाहीं. तो खालीं मान घालून ऐकत राहिला, आणि "सहज विचारलें होतें" एवढें म्हणून उठून गेला. ताटें उचलतांना माझी पत्नी म्हणाली, "अहो, त्यानें प्रश्न विचारला होता. तुम्हीं उत्तर दिलेंत का?"

मीं उत्तर दिलें नव्हतें. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष त्या मुलानें मला एकहि अवघड प्रश्न विचारला नाहीं. त्या दीड वर्षांत त्याच्यापुढें काय काय आलें आणि त्यानें कशाला काय उत्तर दिलें, हें मला पुढें फार उशिरां, तुकड्यातुकड्यांनीं समजलें. त्यांतील एका प्रसंगांत तो केवळ दैवानें वांचला होता. मुलगा बिघडण्याचें भय मला होतेंच; परंतु घरांतील बोलणें बंद होणें हें त्याहून मोठें भय आहे, हें मला तेव्हां कळलें नाहीं.

आतां असें पाहा कीं, माझी ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. एका मोठ्या राष्ट्रानेंहि ती फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनीं 'फक्त नाहीं म्हणा' अशी घोषणा लोकप्रिय केली. १९८३ सालीं लॉस एंजेलिस येथें 'डेअर' नांवाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांत गणवेश घातलेले पोलीस अधिकारी शाळांच्या वर्गांत जाऊन मुलांना मादक पदार्थांचे दुष्परिणाम सांगत. हेतु उत्तम होता, पैसाहि पुष्कळ खर्च झाला आणि आईबापांना तो कार्यक्रम मनापासून आवडे. परंतु १९९० नंतरच्या दशकांत अभ्यासकांनीं त्याचें फळ मोजून पाहिलें, तेव्हां ज्यांना तो शिकविला होता व ज्यांना शिकविला नव्हता अशा मुलांच्या वर्तनांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पुढें त्या संस्थेनेंच आपला जुना अभ्यासक्रम टाकून नवा स्वीकारला.

असें कां झालें असावें? याचें उत्तर कुमारवयाच्या स्वभावांत आहे. टेम्पल विद्यापीठांतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील खेळांत एक मोटार चालवावयाची. रस्त्यावरचा दिवा पिवळा झाला कीं थांबावयाचें का आणखी पुढें जाऊन अधिक गुण मिळवावयाचे, हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें. फार पुढें गेल्यास मोटार आदळून सर्वच गुण जावयाचे. तेरा ते सोळा वर्षांचीं मुलें, अठरा ते बावीस वर्षांचे तरुण आणि चोवीस वर्षांवरील प्रौढ असे तीन गट त्यांनीं घेतले. एकटें बसविलें असतां तिन्ही गटांत फारसें अंतर दिसलें नाहीं. परंतु दोन मित्र शेजारीं येऊन बसतांच सर्वांत लहान गटाचें धाडस जवळजवळ दुप्पट झालें. प्रौढांवर मात्र मित्रांच्या उपस्थितीचा कांहींच परिणाम झाला नाहीं.

या प्रयोगाचें मर्म आपण नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. घरीं अभ्यासाच्या मेजापाशीं बसलेला आपला मुलगा आणि गच्चीवर मित्रांच्या कोंडाळ्यांत उभा असलेला आपला मुलगा, हीं निर्णयाच्या दृष्टीनें जणूं दोन माणसें आहेत. मेंदूचा जो पुढचा भाग वासनांना आवर घालतो आणि परिणामांचा विचार करतो, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण परिपक्व होतो. मित्रांच्या वाहवेनें सुखावणारा भाग मात्र त्याच्या पुष्कळ आधीं जागा झालेला असतो. आपला सारा उपदेश मेजापाशीं बसलेल्या मुलाला उद्देशून असतो. आणि निर्णय करावा लागतो तो गच्चीवरच्या मुलाला. म्हणून त्याला जें शिकवावयाचें तें गर्दींत, घाईंत आणि भिडेंत उपयोगीं पडेल असें शिकविलें पाहिजे. आणि तें आधीं शिकविलें पाहिजे.

'आधीं' या शब्दावर मी भर देतों, त्याला कारण आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं विल्यम मॅकग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, ज्या समजुतीला कधीं कोणीं विरोधच केलेला नसतो, ती पहिल्याच जोरदार हल्ल्यांत ढासळते. परंतु विरोधी मुद्द्याचा सौम्य डोस आधीं देऊन त्याचें खंडन करावयास शिकविलें, तर ती समजूत टिकते. देवीच्या लसीचेंच हें तत्त्व. ज्या मुलानें "एकदां घेतल्यानें काय होतें?" हा प्रश्न घरीं कधीं ऐकलाच नाहीं, त्याला तो गच्चीवर अगदीं नवा आणि बिनतोड वाटतो.

त्याच धोरणानें गिल्बर्ट बॉटव्हिन या कॉर्नेल विद्यापीठांतील प्राध्यापकांनीं जीवनकौशल्यांचा एक अभ्यासक्रम तयार केला. त्यांत केवळ विषारी पदार्थांचीं वर्णनें नव्हतीं. निर्णय कसा करावा, चिंता कशी आवरावी, जाहिरातींतला डाव कसा ओळखावा, आपलें म्हणणें न भांडतां ठामपणें कसें मांडावें, हें त्यांत मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेत. न्यूयॉर्क राज्यांतील ५६ शाळांत सातव्या इयत्तेपासून तीन वर्षें हा प्रयोग झाला आणि मुलें बारावीच्या अखेरीस आल्यावर त्यांची पुन्हां पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९५ सालीं प्रसिद्ध झाले. हें शिक्षण मिळालेल्या मुलांत तंबाखू, मद्य आणि गांजा यांचें सेवन इतरांच्या मानानें कमी आढळलें. ज्यांना तें पुरतेपणीं मिळालें त्यांच्यांत तर अधिकच कमी. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि जीवनकौशल्यांची जी यादी केली आहे, तिच्यांत निर्णय घेण्याचें कौशल्य अग्रभागीं आहे.

तात्पर्य, निर्णय ही एक कला आहे, आणि इतर कलांप्रमाणें ती सरावानें येते. आतां आपल्या घरांत हा सराव कितपत होतो? मुलानें केस किती कापावे, कोणती शाखा घ्यावी, कोणाशीं मैत्री करावी, सुटींत कोठें जावें, हें सर्व आपण ठरवितों, आणि तो मुकाट्यानें ऐकतो म्हणून त्याचें कौतुक करतों. परंतु श्रोतेहो, जो मुलगा घरीं केवळ आज्ञाधारक असतो, तो बाहेरहि आज्ञाधारकच राहतो; आज्ञा देणारा तेवढा बदलतो. म्हणून पहिलें काम हें कीं, लहानसहान निर्णय त्याचे त्याला करूं द्यावे, आणि चुकल्यास त्याची झळहि थोडी लागूं द्यावी. महिन्याचे हातखर्चाचे पैसे त्यानें दहा दिवसांत उडविले, तर उरलेले वीस दिवस त्याला तसेच काढूं द्या. हा धडा स्वस्त आहे.

दुसरें काम, निर्णयाच्या पायऱ्या त्याच्या अंगवळणीं पाडणें. त्या पांच आहेत.

पहिली, थांबणें. उत्तर तत्काळ दिलेंच पाहिजे असा कोठेंहि कायदा नाहीं. पाणी पिऊन येणें, फोन पाहण्यासाठीं बाजूला होणें, बुटाची नाडी बांधणें, एवढ्यानेंहि अर्धें मिनिट मिळतें. आणि त्या अर्ध्या मिनिटांत विचाराला वाव मिळतो.

दुसरी, ओळखणें. मला ही वस्तु हवी आहे, कीं या मंडळींतून बाहेर पडण्याची भीति वाटते आहे? शेंकडा नव्वद प्रसंगीं, माझ्या समजुतीप्रमाणें, उत्तर दुसरें असतें. भीतीला तिच्या नांवानें हांक मारली कीं तिचा जोर निम्मा होतो.

तिसरी, मार्ग मोजणें. भांबावलेल्या मुलाला दोनच मार्ग दिसतात: ओढावें, किंवा मैत्री गमवावी. त्याला निदान आणखी दोन शोधावयास शिकवावें. हातांत न घेतां पुढच्याकडे जाऊं देणें, हा एक. "चला, खालीं जाऊन मिसळ खाऊं" म्हणून सर्वांनाच तेथून हलविणें, हा दुसरा. ज्या दुसऱ्या मित्राच्या मनांत नाहीं असें दिसतें त्याच्याजवळ जाऊन उभें राहणें, हा तिसरा. कारण चौघांत एकटें नाहीं म्हणणें कठीण, पण दोघांनीं म्हणणें सोपें.

चौथी, परिणाम पाहणें. आणि तो तीन अंतरांवरून पाहणें. आज रात्रीं घरीं गेल्यावर काय, महिन्यानें काय, आणि वर्षानें काय?

पांचवी, ठरवून थोडक्यांत सांगणें. "नको, मी घेत नाहीं," एवढें पुरे. कारणें देऊं नयेत, कारण प्रत्येक कारण म्हणजे वादाला दिलेलें आमंत्रण होय. "घसा दुखतो आहे" म्हटलें कीं घशावर उपाय सुचविणारे चारजण निघतात. 'मी घेत नाहीं' या वाक्यावर उपाय नाहीं.

या पायऱ्या तोंडपाठ करून भागत नाहीं. त्यांची तालीम झाली पाहिजे. आमच्या घरीं धाकट्या मुलीच्या वेळीं आम्हीं ती केली. मी तिची मैत्रीण झालों. "अग, सगळ्याच घेतात," मी म्हणालों. "घेऊं देत, मला नको," ती म्हणाली. "मग तूं आमच्यांत कशाला आलीस?" मी म्हणालों. ती गप्प झाली. तें वाक्य तिला लागलें होतें. मग तिच्या आईनें सांगितलें, "असें कोणी म्हटलें तर म्हण, तुमच्यासाठीं आलें, त्या वस्तूसाठीं नाहीं." हें खोटें नाटक करतांना आम्ही तिघेंहि हंसत होतों, पण त्या हंसण्यांत एक खरी गोष्ट झाली. तें लागणारें वाक्य तिनें प्रथम आपल्या घरांत ऐकलें, आणि त्याचें उत्तरहि तिला घरांतच मिळालें.

तिसरें काम, सुटकेची वाट मोकळी ठेवणें. आम्हीं मुलांशीं एक करार केला आहे. त्यांनीं फोन करून "आजीच्या चष्म्याचें घर सांपडलें का?" असें विचारलें, कीं आमच्यापैकीं कोणीतरी, रात्रींचे कितीहि वाजले असोत, ते असतील तेथें जाऊन त्यांना घेऊन यावयाचें. वाटेंत प्रश्न विचारावयाचे नाहींत. बोलणें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, चहा झाल्यावर. दोष आमच्यावर ढकलण्याची मुभाहि त्यांना दिली आहे. "माझे वडील फार कडक आहेत, त्यांनीं बोलावलें" असें त्यांनीं खुशाल सांगावें. आईबापांच्या कडकपणाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाहीं.

चौथें काम सत्य सांगण्याचें. आपण मुलांना भिवविण्यासाठीं अतिशयोक्ति करतों. "एकदां ओढलेंस कीं संपलास," असें सांगतों. मुलगा पाहतो तों काल ओढणारा मित्र आज वर्गांत पहिल्या बांकावर बसलेला असतो. त्या क्षणीं आपलें एक वाक्य खोटें ठरतें आणि त्याच्याबरोबर खरीं वाक्येंहि जातात. म्हणून जें खरें आहे तेवढेंच सांगावें. तें पुरेसें गंभीर आहे. व्यसनाची सुरुवात जितकी लहान वयांत, तितकी तें जडण्याची शक्यता अधिक. चोरून विकलेल्या गोळींत किंवा पुडींत काय आहे, हें विकणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. 'एम्. डी.' म्हणून ओळखलें जाणारें मेफेड्रोन २०१५ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आलें आहे. विजेवर चालणाऱ्या सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशांत २०१९ पासून बंदी आहे. ती निरुपद्रवी वाफ असल्याचें सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवूं नये.

आणखी एक सत्य सांगावें, आणि तें सर्वांत उपयोगाचें आहे. "सगळेच घेतात" हें विधान खोटें आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें दहा ते पंचाहत्तर वर्षें वयाच्या लोकांत, भांग धरूनहि, गांजावर्गीय पदार्थ वर्षभरांत घेणारे शेंकडा तीनहूनहि कमी आढळले. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत तर शेंकडा एकाहूनहि कमी. एखाद्या गच्चीवर चारांतले तीन असतीलहि. पण गच्ची म्हणजे जग नव्हे. मात्र याच अहवालांत एक इशाराहि आहे. हुंगण्याच्या पदार्थांचें, म्हणजे थिनर, व्हाइटनर, चिकटविण्याचीं द्रव्यें यांचें व्यसन मोठ्यांपेक्षां मुलांतच अधिक आढळलें. हे पदार्थ चोरबाजारांत शोधावे लागत नाहींत. ते कागदाच्या दुकानांत आणि आपल्या कपाटांत असतात.

आणि हें सर्व करूनहि मुलाचा पाय घसरला तर? श्रोतेहो, कोणत्याहि लसीनें शंभरांतले शंभर वांचत नाहींत. अशा वेळीं दार लावून घेऊं नये. मुलगा स्वतः येऊन सांगत असेल, तर ज्या निर्णयशक्तीची आपण एवढी चर्चा केली, तिचाच तो पुरावा आहे असें समजावें. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या साह्यानें, मुक्तांगण हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें, तें गर्द नांवाच्या विषानें शहरांतील तरुण पोखरले जात होते म्हणून. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्यांत कुटुंबाला स्थान आहे, ही दृष्टि तेथून महाराष्ट्रांत पुष्कळ दूरवर पोंचली. केंद्र सरकारचा १४४४६ हा दूरध्वनि-क्रमांक व्यसनमुक्तीविषयीं मोफत सल्ला देतो. तो घरांतील प्रत्येकाला माहीत असावा. ज्या सहजतेनें आपण अग्निशामक दलाचा क्रमांक लक्षांत ठेवतों, त्याच सहजतेनें.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. शेवटीं पुन्हां पंगतीकडे वळतों. गेल्या वर्षीं नात्यांतील एका लग्नांत मी वाढावयास उभा होतों. माझा तोच मुलगा, आतां चांगला पंचविशीचा, पानावर बसला होता. मी जिलबी घेऊन गेलों, त्यानें नको म्हटलें, आणि संवयीनें माझ्या तोंडीं शब्द आलेच, "एवढी एकच..." त्यानें वर पाहिलें. "बाबा, नको म्हणालों ना," तो हंसून म्हणाला. मी पुढच्या पानाकडे वळलों.

श्रोतेहो, माझी विनंती एवढीच आहे. आज रात्रीं जेवतांना आपल्या मुलानें किंवा मुलीनें एखाद्या पदार्थाला नको म्हटलें, तर तो पहिलाच नकार मान्य करा. आणि तिनें किंवा त्यानें एखादा अवघड प्रश्न विचारला, तर घांस खालीं ठेवा, पण भाषण करूं नका. प्रथम विचारा, "हा प्रश्न तुला कसा सुचला?" आणि मग ऐका.